कायदे करणाराही न्यायासनापुढे उभा राहावा

मानवी हक्क हा शब्द आज शाळेतल्या विद्यार्थ्यालाही माहीत आहे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात त्यावर धडा असतो. दरवर्षी १० डिसेंबरला मानवी हक्क दिन पाळला जातो. परंतु हक्क असणे ही एक गोष्ट आणि तो डावलला गेल्यास दाद कोणाकडे मागायची हे ठरलेले असणे ही दुसरी गोष्ट. दुसरी नसेल तर पहिलीला फारसा अर्थ उरत नाही. आपल्या संविधानात मूलभूत हक्कांच्या यादीतच कलम ३२ घातलेले आहे. हक्कभंग झाल्यास थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येणे हाही एक मूलभूत हक्कच आहे, असे ते कलम सांगते. घटना समितीत ९ डिसेंबर १९४८ रोजी बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे कलम ३२ झालेल्या या तरतुदीला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले होते, ते याच कारणासाठी.

नेमका हाच प्रश्न युरोपात एका वेगळ्या स्वरूपात गेली चाळीसहून अधिक वर्षे चर्चेत आहे. देशाच्या सरकारने अन्याय केला तर नागरिक न्यायालयात जाऊ शकतो. परंतु अनेक देशांनी मिळून एक मोठी संस्था उभी केली, त्या संस्थेला कायदे करण्याचा अधिकार दिला, ते कायदे सर्व सदस्य देशांवर बंधनकारक ठरले, आणि अशा कायद्यामुळेच एखाद्या माणसाचा हक्क डावलला गेला, तर त्याने बाहेरच्या कोणत्या न्यायासनापुढे जायचे? देशांच्या वर असलेल्या अशा संस्थेला अधिराष्ट्रीय संस्था म्हणतात. युरोपीय संघ हे तिचे सर्वांत ठळक उदाहरण. या संघाने मानवी हक्कांच्या युरोपीय करारात स्वतः सामील व्हावे की नाही, हा तो वाद आहे. विषय दूरचा वाटला तरी विद्यार्थ्यांनी तो समजून घ्यावा असा आहे, कारण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न सगळीकडे सारखाच आहे.

दोन संस्था, दोन न्यायालये

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. युरोपात दोन वेगवेगळ्या संस्था आहेत आणि त्यांची नावे इतकी सारखी आहेत की वर्तमानपत्रांतही गल्लत होते. इतकेच काय, निळ्या कापडावर बारा सोनेरी तारे असलेला ध्वजही दोघींचा एकच आहे.

पहिली संस्था म्हणजे युरोप परिषद. दुसऱ्या महायुद्धाच्या विध्वंसानंतर ५ मे १९४९ रोजी दहा देशांनी ती स्थापन केली. तिचे मुख्यालय फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे आहे. हिटलरच्या राजवटीत कायद्याच्याच आधाराने लाखो लोकांचे हक्क आणि प्राण हिरावले गेले होते. देशाचे सरकार हेच नागरिकांचे वैरी झाले तर त्यांनी कोणाकडे पाहायचे, हा प्रश्न तेव्हा युरोपपुढे उभा होता. त्याला उत्तर म्हणून ४ नोव्हेंबर १९५० रोजी रोम येथे मानवी हक्कांच्या युरोपीय करारावर सह्या झाल्या आणि ३ सप्टेंबर १९५३ पासून तो अंमलात आला. जिवाचा हक्क, छळापासून मुक्तता, न्याय्य सुनावणी, खाजगी जीवनाचा आदर, विचार व धर्माचे स्वातंत्र्य, अभिव्यक्ती असे हक्क त्यात आहेत. या करारावर देखरेख ठेवण्यासाठी १९५९ साली स्ट्रासबर्ग येथे मानवी हक्क न्यायालय स्थापन झाले. १ नोव्हेंबर १९९८ पासून ते पूर्णवेळ काम करते आणि कोणीही व्यक्ती तेथे सरळ अर्ज करू शकते. अट एवढीच की आधी आपल्या देशातील सर्व न्यायालयांचे दरवाजे ठोठावून झालेले असावेत आणि अखेरच्या निकालानंतर चार महिन्यांच्या आत अर्ज जावा. अर्जाला फी लागत नाही. रशियाला २०२२ साली युरोप परिषदेतून काढून टाकल्यानंतर या परिषदेत ४६ देश आहेत.

दुसरी संस्था म्हणजे युरोपीय संघ. तिचा जन्म व्यापारातून झाला. २५ मार्च १९५७ रोजी सहा देशांनी रोम येथे तह करून युरोपीय आर्थिक समुदाय स्थापन केला. जकाती काढून टाकाव्यात, माल आणि माणसे मोकळेपणाने फिरावीत, शेतीचे धोरण एक असावे, असा त्याचा हेतू होता. १ नोव्हेंबर १९९३ पासून अंमलात आलेल्या मास्ट्रिख्टच्या तहाने त्यातून युरोपीय संघ उभा राहिला. ब्रिटन २०२० साली बाहेर पडल्यानंतर संघात २७ देश आहेत. या संघाचे न्यायालय लक्झेंबर्ग येथे आहे. संघाच्या कायद्यांचा अर्थ लावण्याचे अंतिम काम त्याचे.

थोडक्यात, हक्कांचे न्यायालय स्ट्रासबर्गला आणि संघाचे न्यायालय लक्झेंबर्गला. संघाचे सर्व २७ देश युरोप परिषदेचेही सदस्य आहेत, त्यामुळे प्रत्येक देश स्ट्रासबर्गला उत्तरदायी आहे. स्वतः संघ मात्र नाही. आपल्या सदस्यांनी ज्या करारात असलेच पाहिजे असे संघ मानतो, त्या कराराबाहेर तो स्वतः राहिला आहे.

लोण्याच्या कुपनावरचे नाव

व्यापारासाठी जन्मलेल्या संस्थेचा मानवी हक्कांशी संबंध काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका साध्या खटल्यात आहे.

१९६९ साली समुदायाकडे लोण्याचा मोठा साठा पडून होता. सरकारी मदतीवर जगणाऱ्या गरजूंना ते लोणी स्वस्तात द्यावे असा निर्णय झाला. जर्मनीत त्यासाठी जी कुपने दिली गेली त्यांवर लाभार्थ्याचे नाव लिहिणे आवश्यक होते. दुकानदाराने नाव वाचायचे आणि लोणी द्यायचे. उल्म शहरातील स्टाउडर नावाच्या गृहस्थांनी त्याला हरकत घेतली. स्वस्त लोणी हवे म्हणून आपण मदतीवर जगतो हे दुकानदाराला नावानिशी का कळावे, हा आपल्या प्रतिष्ठेचा भंग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. प्रकरण लक्झेंबर्गला गेले. १२ नोव्हेंबर १९६९ रोजी न्यायालयाने सांगितले की मूळ निर्णयाच्या सर्व भाषांतील मजकूर एकत्र पाहता नाव लिहिलेच पाहिजे असे बंधन त्यात नाही. त्याच निकालात न्यायालयाने हेही नमूद केले की मूलभूत हक्क हे समुदायाच्या कायद्याच्या सर्वसाधारण तत्त्वांत अंतर्भूत आहेत.

रांगेत कार्ड पुढे करावे लागणाऱ्या माणसाला या खटल्याचे मोल वेगळे समजावून सांगायला नको. लोणी किती, दर काय, हा अर्थकारणाचा विषय. पण ते कोणत्या रीतीने दिले जाते यात माणसाचा मान असतो. जो कायदा बाजारापर्यंत पोचतो तो माणसाच्या प्रतिष्ठेपर्यंतही पोचतो, हे त्या दिवशी स्पष्ट झाले.

लक्झेंबर्गच्या न्यायालयाने पुढे या दिशेने बरीच वाटचाल केली. त्याला एक कारण जर्मनीचे होते. तेथील घटना न्यायालयाने १९७४ साली असे बजावले की, जोवर समुदायाकडे हक्कांचे पुरेसे संरक्षण नाही तोवर त्याचे कायदे आपल्या घटनेच्या कसोटीवर आम्ही तपासत राहू. १९८६ साली त्याने आपली भूमिका बदलली आणि आता संरक्षण पुरेसे आहे असे म्हटले. डिसेंबर २००० मध्ये संघाने स्वतःची मूलभूत हक्कांची सनद जाहीर केली आणि १ डिसेंबर २००९ पासून ती बंधनकारक झाली. ही सनद कागदावरच राहिली असे म्हणता येणार नाही. ८ एप्रिल २०१४ रोजी लक्झेंबर्गने संघाचाच एक निर्देश पूर्णपणे रद्द केला. सर्व नागरिकांच्या दूरध्वनी व इंटरनेट वापराची माहिती कंपन्यांनी साठवून ठेवावी असा तो निर्देश होता.

अंतर्गत तपासणी आणि बाहेरचा लेखापरीक्षक

मग स्ट्रासबर्गची गरज काय, असा प्रश्न येतो. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला याचे उत्तर रोजच्या कामातून सुचते. बँकेत अंतर्गत तपासणी होते. तपासनीस आमच्याच बँकेचे असतात, त्यांना कामाची बारीक माहिती असते आणि अनेकदा ते कोणाची गय करत नाहीत. तरीही वर्षअखेरीस बाहेरचा लेखापरीक्षक यावा लागतो. तपासनीस अप्रामाणिक असतात असा त्याचा अर्थ नव्हे. ठेवीदाराचा विश्वास बसायचा तर घराबाहेरच्या माणसाची सही लागते, एवढेच. संघाचे स्वतःचे न्यायालय कितीही चांगले असले तरी ते संघाचेच आहे. देशांच्या बाबतीत युरोपने हेच तत्त्व १९५० साली मान्य केले. फ्रान्सची न्यायालये उत्तम असली तरी फ्रान्सवर स्ट्रासबर्गची नजर आहे. मग संघाला सूट कशासाठी?

ही सूट प्रत्यक्षात कशी चालते ते पाहण्यासारखे आहे. फ्रान्समधील एका कामगार संघटनेला कोळसा व पोलाद समुदायाच्या सल्लागार समितीतून डावलले गेले, म्हणून तिने स्ट्रासबर्गकडे तक्रार केली. १९७८ साली तिला उत्तर मिळाले की युरोपीय समुदाय या कराराचा पक्षकार नाही, त्यामुळे त्याच्याविरुद्धची तक्रार ऐकता येत नाही. दार तिथेच बंद झाले.

मग लोकांनी दुसरा मार्ग धरला. संघावर खटला भरता येत नसेल तर संघाचा कायदा अंमलात आणणाऱ्या देशावर भरायचा. जिब्राल्टर या ब्रिटनच्या ताब्यातील प्रदेशात युरोपीय संसदेचे कायदे लागू होत, पण तेथील लोकांना त्या संसदेसाठी मतदान करता येत नसे. १९७६ साली समुदायातील देशांनी केलेल्या निवडणूक कायद्यातच तशी तरतूद होती. तेथील एका महिलेला १९९४ च्या निवडणुकीत मत नाकारले गेले. देशांनी आपसांत तह म्हणून ठरवलेली ही गोष्ट असल्याने लक्झेंबर्गचे न्यायालय ती तपासू शकत नव्हते. १८ फेब्रुवारी १९९९ रोजी स्ट्रासबर्गने ब्रिटनला जबाबदार धरले. अधिकार दुसऱ्या संस्थेकडे सोपवला म्हणून देशाची जबाबदारी संपत नाही, असे त्याने सांगितले. २००४ च्या निवडणुकीत जिब्राल्टरच्या लोकांनी प्रथमच युरोपीय संसदेसाठी मत दिले. ज्या गावाला कायदा लागू त्या गावाला मत हवे, ही साधी गोष्ट मिळायला एवढा खटाटोप करावा लागला.

दुसरे प्रकरण विमानाचे. तुर्कस्तानच्या बॉस्फरस नावाच्या कंपनीने युगोस्लाव्ह विमान कंपनीकडून विमाने भाड्याने घेतली होती. त्यांतील एक दुरुस्तीसाठी आयर्लंडला आले असता १९९३ साली तेथील सरकारने ते अडकवून ठेवले. युगोस्लाव्हियावर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने निर्बंध घातले होते आणि युरोपीय समुदायाने ते आपल्या नियमात उतरवले होते. आयर्लंडला यात निवड करण्यास वावच नव्हता. ३० जून २००५ रोजी स्ट्रासबर्गने आयर्लंडची बाजू मान्य केली. संघामध्ये हक्कांचे संरक्षण साधारणपणे आमच्या तोडीचे आहे, म्हणून संघाचा नियम पाळणारा देश करारही पाळतो असे आम्ही गृहीत धरू. ते संरक्षण उघडच अपुरे पडले तरच हस्तक्षेप करू, असे ते सूत्र होते. हे गृहीतक इतर कोणत्याही देशाच्या वाट्याला येत नाही. करारात नसलेल्या संघाला, करारात असलेल्या देशांहून अधिक विश्वास मिळाला.

तिसरे प्रकरण सर्वांत बोलके आहे. एक अफगाण निर्वासित २००८ च्या अखेरीस ग्रीसमार्गे युरोपात आला आणि बेल्जियमला पोचून त्याने आश्रय मागितला. संघाच्या डब्लिन नियमानुसार निर्वासित ज्या देशातून प्रथम आत आला त्या देशाने बहुधा त्याचा अर्ज तपासायचा असतो. म्हणून बेल्जियमने २००९ साली त्याला ग्रीसला परत पाठवले. तेथे त्याला गर्दीने भरलेल्या जागेत कोंडले गेले आणि सुटल्यावर अथेन्सच्या एका बागेत अन्नपाण्याविना दिवस काढावे लागले. २१ जानेवारी २०११ रोजी स्ट्रासबर्गने ग्रीस आणि बेल्जियम दोघांनाही अमानुष वागणुकीबद्दल दोषी धरले. त्याला परत पाठवायचे नाही असे ठरवण्याची मुभा नियमात होती आणि बेल्जियमने ती वापरली नाही, असे न्यायालय म्हणाले.

आरोपीच्या पिंजऱ्यात कोण होते पाहा. बेल्जियम होता, ग्रीस होता. ज्याच्या नियमाने सीमेवरच्या एका देशावर सगळा भार टाकला तो संघ तेथे नव्हता. बँकेतल्या माणसाला हेही ओळखीचे आहे. परिपत्रक मुख्य कार्यालयाचे, पण ग्राहकाची बोलणी ऐकायची ती काउंटरवरच्या कारकुनाने. कारकून चुकला असेल तर त्याने ऐकावे हे योग्यच. पण परिपत्रकच चुकीचे असेल तर ते बदलण्याचा अधिकार कारकुनाकडे नसतो. देशाला दोषी ठरवल्याने नुकसानभरपाई मिळेल, परंतु संघाचा नियम बदलण्याचे काम तो एकटा देश करू शकत नाही.

सामील होण्याचा लांबलेला प्रवास

ही उणीव लोकांच्या लक्षात आली नव्हती असे नाही. समुदायाने करारात सामील व्हावे असा प्रस्ताव युरोपीय आयोगाने १९७९ सालीच मांडला होता. पुढे लक्झेंबर्गच्या न्यायालयाचे मत विचारण्यात आले. २८ मार्च १९९६ रोजी न्यायालयाने सांगितले की असा अधिकार समुदायाला तहांनी दिलेलाच नाही. सामील व्हायचे असेल तर आधी तह बदला.

तह बदलण्यास तेरा वर्षे लागली. १ डिसेंबर २००९ रोजी अंमलात आलेल्या लिस्बन तहात स्पष्ट शब्दांत लिहिले गेले की संघ मानवी हक्कांच्या करारात सामील होईल. ही केवळ परवानगी नव्हती, संघाने स्वतःवर घालून घेतलेले बंधन होते. दुसऱ्या बाजूनेही दार उघडावे लागले, कारण मूळ करारात फक्त देशांनाच प्रवेश होता. १ जून २०१० पासून त्यातही दुरुस्ती झाली आणि युरोपीय संघ सामील होऊ शकेल असे वाक्य त्यात आले.

लगेच वाटाघाटी सुरू झाल्या आणि ५ एप्रिल २०१३ रोजी प्रवेशाचा मसुदा तयार झाला. त्यातील मुख्य योजना सहप्रतिवादीची होती. कर्जवसुलीच्या दाव्यात कर्जदाराबरोबर जामीनदारालाही पक्षकार केले जाते, हे बँकेत येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. साधारण त्याच धर्तीवर, देशाविरुद्धच्या तक्रारीत संघाचा कायदा गुंतलेला असेल तर संघानेही शेजारी उभे राहायचे आणि दोष सिद्ध झाल्यास तो दोघांचा मानायचा. सामान्य अर्जदाराला चूक संघाची की देशाची हे शोधत बसावे लागू नये, हा त्यामागचा हेतू. शिवाय संघाच्या वतीने एक न्यायाधीश स्ट्रासबर्गला असावा आणि संघाने खर्चाचा वाटा उचलावा असेही ठरले होते.

आता सारे मार्गी लागले असे वाटत असतानाच १८ डिसेंबर २०१४ रोजी लक्झेंबर्गच्या न्यायालयाने हा मसुदा संघाच्या तहांशी विसंगत ठरवला. सुनावणीत बाजू मांडणाऱ्या सदस्य देशांनी प्रवेशाला पाठिंबा दिला होता, तरीही निकाल असा लागला.

या निकालावर टीका पुष्कळ झाली. ज्याची तपासणी व्हायची त्यानेच तपासणी नाकारली, असे अनेकांनी म्हटले. तरी न्यायालयाचे म्हणणे समजून न घेता दोष देणे योग्य होणार नाही. त्याच्या हरकती मुख्यतः चार होत्या.

पहिली हरकत परस्पर विश्वासाची. संघातील देशांनी एकमेकांच्या न्यायव्यवस्थेवर विश्वास ठेवावा यावर अनेक कायदे उभे आहेत. प्रत्येक वेळी दुसऱ्या देशाची तपासणी करा असे स्ट्रासबर्गने सांगितले तर हा पायाच खचेल. दुसरी हरकत आपसांतील तंट्याची. संघातील देशांनी संघाच्या कायद्याबाबतचे वाद लक्झेंबर्गबाहेर नेऊ नयेत असा तहाचा दंडक आहे. मानवी हक्क करारात मात्र एक देश दुसऱ्यावर स्ट्रासबर्गला दावा करू शकतो. तिसरी हरकत सहप्रतिवादी योजनेची. जबाबदारी कोणाची हे ठरवताना स्ट्रासबर्ग संघाच्या अंतर्गत अधिकारवाटपात शिरेल, अशी भीती होती. चौथी परराष्ट्र व संरक्षण धोरणाची. या क्षेत्रात खुद्द लक्झेंबर्गलाच तहांनी फारच थोडा अधिकार दिला आहे. जे आपले न्यायालय तपासू शकत नाही ते बाहेरच्याने तपासावे, हे त्याला मान्य नव्हते.

पहिल्या तीन हरकतींत तथ्य आहे आणि मसुद्याची भाषा सुधारून त्या दूर करता येतात. चौथी हरकत मात्र विचार करायला लावते. जिथे घरचे न्यायालय पोचत नाही तिथे तर बाहेरच्या न्यायालयाची गरज अधिक असते.

२०२० साली वाटाघाटी पुन्हा सुरू झाल्या आणि मार्च २०२३ मध्ये सुधारित मसुद्यावर वाटाघाटी करणाऱ्यांचे एकमत झाले. परराष्ट्र धोरणाचा मुद्दा तेवढा संघाने स्वतः सोडवावा म्हणून बाजूला ठेवला गेला. त्याबाबतीतही एक पाऊल पुढे पडले. १९९९ साली कोसोव्होत मारल्या गेलेल्या किंवा बेपत्ता झालेल्या लोकांच्या नातेवाईकांची तक्रार होती की, संघाने तेथे २००८ साली स्थापन केलेल्या पोलीस व न्यायविषयक पथकाने आपल्या माणसांचा तपास नीट केला नाही. हे परराष्ट्र धोरण आहे, आम्हांला पाहता येत नाही, असे म्हणून खालच्या न्यायालयाने त्यांना परत पाठवले होते. १० सप्टेंबर २०२४ रोजी वरिष्ठ न्यायालयाने सांगितले की जी कृत्ये राजकीय वा व्यूहात्मक निर्णयांशी थेट निगडित नाहीत, ती न्यायालय तपासू शकते.

हा लेख लिहीत असताना मात्र संघ करारात सामील झालेला नाही. त्यासाठी संघाच्या सर्व देशांचे एकमत, युरोपीय संसदेची संमती आणि करारातील सर्व ४६ देशांची मान्यता लागते. लिस्बन तहातील वचन अजून पुरे व्हायचे आहे.

जे करार संघाने स्वीकारले

संघाला मानवी हक्कांचा करार स्वीकारताच येत नाही असे मात्र नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी संमत केला. देशांच्या प्रादेशिक संघटनांनाही त्यात सामील होण्याची मुभा ठेवली गेली. युरोपीय संघाने २३ डिसेंबर २०१० रोजी तो स्वीकारला आणि २२ जानेवारी २०११ पासून तो संघाला लागू झाला. संघ ज्यात पक्षकार झाला असा हा मानवी हक्कांचा पहिलाच करार. भारतानेही हा करार २००७ साली स्वीकारला आणि त्याला अनुसरून अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा केला, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच.

२०१५ साली जिनिव्हा येथील समितीसमोर संघाला एखाद्या देशाप्रमाणे उभे राहून उत्तरे द्यावी लागली. पुढे स्त्रियांवरील हिंसाचार रोखण्यासाठी युरोप परिषदेने केलेल्या इस्तंबूल करारातही संघ सामील झाला आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून तो संघाला लागू झाला.

ही प्रगती स्वागतार्ह आहे. पण यातला फरकही पाहिला पाहिजे. या दोन्ही करारांत तज्ज्ञांची समिती अहवाल मागवते, प्रश्न विचारते, शिफारसी करते. अपंगांच्या करारात व्यक्तीला तक्रार करता येईल अशी पुरवणी वेगळी आहे आणि तीही स्वीकारा, अशी शिफारस समितीने २०१५ साली संघाला केली. म्हणजे अहवाल देण्यास संघ तयार झाला. एकट्या माणसाच्या अर्जावर बंधनकारक निकाल ऐकून घेण्याची वेळ आली की पाऊल अडखळते. स्ट्रासबर्गचा करार वेगळा आहे तो इथेच. तेथे शिफारस होत नाही, निकाल लागतो.

यातून काय घ्यावे

कोणी म्हणेल, संघ सामील झाला नाही म्हणून युरोपातल्या माणसाचे अडले काय? त्याला देशातले न्यायालय आहे, लक्झेंबर्ग आहे, देशाविरुद्ध स्ट्रासबर्गही आहे. हे खरे आहे. जगातील बहुतेक प्रदेशांपेक्षा तेथील माणूस अधिक सुरक्षित आहे यात शंका नाही. परंतु अफगाण निर्वासिताचे प्रकरण डोळ्यांपुढे ठेवा. नियम करणारा एक आणि जबाब देणारा दुसरा, अशी फारकत राहिली की नियम करणाऱ्याला आपल्या नियमाचा चटका कधी बसत नाही. सत्ता जसजशी देशातून वर सरकते तसतशी उत्तरदायित्वाची साखळीही तिच्यामागे वर गेली पाहिजे. ती खालीच राहिली तर वरची सत्ता मोकळी सुटते.

दुसरी गोष्ट काळाविषयी. १९७९ चा प्रस्ताव, १९९६ चा नकार, २००९ चे वचन, २०१४ चा पुन्हा नकार, २०२३ चा नवा मसुदा. मानवी हक्कांचा कैवार घेणाऱ्या प्रगत देशांच्या समूहालाही स्वतः बाहेरच्या न्यायासनापुढे उभे राहायला एवढा वेळ लागतो. वचन तहात लिहिले गेले तरी ते आपोआप अंमलात येत नाही. त्यासाठी कोणीतरी सतत अर्ज करावा लागतो, दावा लढवावा लागतो, प्रश्न विचारत राहावे लागते. लोण्याच्या कुपनावर नाव का, असे विचारणारा उल्मचा गृहस्थ, मत का नाही असे विचारणारी जिब्राल्टरची महिला आणि आपल्या माणसांचा तपास मागणारे कोसोव्होचे नातेवाईक, यांच्या हाती सत्ता नव्हती. तरीही जे काही पुढे सरकले ते त्यांच्या अर्जांमुळे.

विद्यार्थी मित्रांनी कायद्याचा अभ्यास करताना एक सवय लावून घ्यावी. कोणत्याही हक्काचे कलम वाचले की लगेच पुढचा प्रश्न विचारावा: हा हक्क मोडला तर अर्ज कोणाकडे करायचा, किती दिवसांत करायचा, आणि ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो त्या न्यायासनापुढे यायला बांधलेला आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली तर तो हक्क खरा समजावा. एखाद्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर तेथे अजून काम करायचे बाकी आहे असे समजावे.